आहार मार्गदर्शिकेत शाश्वतता: वेगळे प्रकरण लिहायचे की मात्रांमध्येच उतरवायची?

मसुदा_वाचक
राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती तयार होत आहे. पोषणाचे तक्ते जुळले आहेत, अन्नगटांच्या मात्राही ठरल्या आहेत. शाश्वततेसाठी मात्र शेवटी एक स्वतंत्र प्रकरण जोडले आहे: स्थानिक खा, हंगामी खा, अन्न वाया घालवू नका. त्याने एकाही मात्रेत एका ग्रॅमचाही फरक पडत नाही. हा विचार मात्रांमध्येच उतरवायचा असेल तर काम कुठून सुरू करावे? मांस-दूध कमी केल्यावर लोह आणि बी12 कमी पडेल, हा आक्षेप येणारच. त्याला आकड्यांत उत्तर कसे द्यायचे?

गणिती_ताट
मात्रा ठरवून झाल्यावर पर्यावरण तपासायला घेतले तर फक्त शब्द बदलता येतात, आकडे नाहीत. दोन्ही एकाच गणितात बसवा.

त्यासाठी रेषीय इष्टतमीकरण वापरतात, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून सर्वांत चांगले उत्तर शोधणारे गणित. प्रत्येक पदार्थाचे रोजचे ग्रॅम हे चल, म्हणजे बदलता येणारे आकडे. ऊर्जा, प्रथिने आणि प्रत्येक सूक्ष्मपोषकाची किमान व कमाल मर्यादा या अटी. त्यांच्याच शेजारी हरितगृह वायूंचे उत्सर्जन, जमीन आणि पाणी यांच्या कमाल मर्यादा. उद्दिष्ट ठेवायचे ते ‘सध्याच्या आहारापासून कमीत कमी फरक’. ‘उत्सर्जन कमीत कमी’ हे उद्दिष्ट ठेवले तर उत्तर चार-पाच पदार्थांच्या ढिगाऱ्यावर येऊन थांबते, आणि दर कॅलरीमागे उत्सर्जन कमी म्हणून साखर हळूच वर चढते. तसे ताट कोणी खाणार नाही. म्हणून साखरेला वेगळी कमाल मर्यादा घाला आणि प्रत्येक पदार्थाची मात्रा आहार सर्वेक्षणातल्या 5व्या ते 95व्या शतमकाच्या आत ठेवा, म्हणजे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त खाणारे पाच-पाच टक्के लोक सोडून बाकीचे जेवढे खातात तेवढ्यात.

मग उत्सर्जनाची मर्यादा टप्प्याटप्प्याने, दर वेळी 10 टक्क्यांनी खाली आणा. प्रत्येक टप्प्यावर कोणती पोषक अट आधी ताणली जाते ते पाहा. आक्षेपाचे खरे उत्तर तिथे मिळते.

लोहाच्या बाबतीत मात्र आधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि बहुतेक मसुदे इथेच घसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात प्रौढ, पाळी येणाऱ्या स्त्रीची रोजची गरज एकच नाही. आहारातले 15 टक्के लोह शोषले जात असेल तर ती 19.6 मिलिग्रॅम, 10 टक्के असेल तर 29.4 आणि 5 टक्के असेल तर 58.8. मांस कमी करून धान्ये-कडधान्ये वाढवली की आहार वरच्या ओळीतून खालच्या ओळीत सरकतो. मॉडेलमध्ये मात्र जुनीच गरज राहते आणि ‘लोह पुरेसे आहे’ असे खोटे उत्तर येते. जस्ताचेही तसेच. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण स्त्रियांसाठी फायटेटच्या (धान्ये-कडधान्यांतले, जस्ताचे शोषण रोखणारे संयुग) प्रमाणानुसार 7.5 ते 12.7 मिलिग्रॅम देते. बी12 वनस्पतीजन्य पदार्थांतून भरवशाने मिळत नाही, त्यामुळे दूध, अंडी, मासे किंवा बी12 मुद्दाम मिसळलेले पदार्थ यांपैकी काहीतरी मॉडेलमध्ये ठेवावेच लागते.

कळप_आणि_दूध
वरच्या उत्तरात एक दुवा राहिला. दूध आणि गोमांस हे दोन स्वतंत्र चल नाहीत. दुभती गाय दूध देते, वासरेही देते आणि शेवटी मांसही. दुधाची मात्रा तशीच ठेवून गोमांस शून्यावर आणले तर मॉडेल जे उत्तर देते ते प्रत्यक्षात शक्यच नसते. म्हणून दुधामागे किती मांस आपोआप तयार होते, तो गुणोत्तराचा दुवा अट म्हणून घाला.

शिवाय ‘गोमांस’ हा एकच आकडा घेऊ नका. पोर आणि नेमेचेक या संशोधकांच्या 2018 च्या अभ्यासात 100 ग्रॅम प्रथिनांमागे मांसासाठी पाळलेल्या कळपातून सरासरी 50 किलो कार्बन डायऑक्साइड सममूल्य (सर्व हरितगृह वायू कार्बन डायऑक्साइडच्या मापात मोजून) येते, दुभत्या कळपातून 17 आणि वाटाण्यातून 0.4. तुलना प्रथिनांमागे आहे की किलोमागे, हे तक्त्याच्या डोक्यावरच लिहा.

मसुदा_वाचक
दुव्याची अट घालतो. लोकांसमोर मात्रा मांडताना वजन कच्चे धरायचे की शिजवलेले?

गणिती_ताट
एकच निवडा आणि प्रत्येक ओळीत छापा. नॉर्डिक देशांच्या 2023 च्या शिफारशीत तांबड्या मांसाची आठवड्याची मर्यादा 350 ग्रॅम आहे, पण ती शिजवलेल्या, खाण्यास तयार वजनाची. कच्च्यात ती साधारण 500 ग्रॅम भरते. दुकानात माणूस कच्चे तोलतो, सर्वेक्षणात शिजवलेले नोंदवतो. ही गल्लत झाली तर मर्यादा तीस टक्क्यांच्या आसपास सरकते. कडधान्यांत उलटे होते: वाळलेले 40-45 ग्रॅम शिजून 100 च्या घरात जाते.

शब्द_आणि_कायदा
शेवटच्या प्रकरणातले ‘स्थानिक खा’ काढावे, असे माझे ठाम मत आहे. वर आलेल्या 2018 च्याच अभ्यासात अन्नसाखळीच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा सुमारे 6 टक्केच निघाला. काय खातो याचा फरक कुठून आले यापेक्षा बहुधा फार मोठा असतो. अपवाद हवाई मार्गाने आलेल्या नाशवंत मालाचा, तेवढा नेमका लिहा. कायद्याची अडचणही आहे. स्वीडनने 2009 मध्ये पर्यावरणस्नेही आहाराचा मसुदा युरोपीय आयोगाकडे पाठवला. स्थानिक मालाला झुकते माप देणारी भाषा मालाच्या मुक्त व्यापाराच्या आड येते, असा आक्षेप आला आणि 2010 मध्ये मसुदा मागे घ्यावा लागला. 2015 मध्ये त्यांनी नवी मार्गदर्शिका आणली, ती काय जास्त, काय कमी आणि कशाऐवजी काय या स्वरूपात.

दुसरी अडचण अधिकाराची. अमेरिकेत 2015 च्या तज्ज्ञ समितीने शाश्वततेचा विचार अहवालात मांडला होता. कृषी व आरोग्य या दोन्ही खात्यांच्या मंत्र्यांनी तो अंतिम मार्गदर्शिकेत घेतला नाही, कारण 1990 च्या कायद्याने दिलेल्या कार्यकक्षेत तो बसत नाही अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा समिती नेमतानाच तिच्या कार्यकक्षेत ‘पर्यावरणीय परिणाम’ हे शब्द यायला हवेत. मागाहून घुसवलेले टिकत नाही.

आणि किंमत हीसुद्धा अट म्हणून मॉडेलमध्ये घाला. 2019 च्या ईट-लॅन्सेट आहाराचा, म्हणजे आरोग्य आणि पर्यावरण दोन्ही धरून तज्ज्ञांच्या आयोगाने सुचवलेल्या आहाराचा, खर्च काढला गेला तेव्हा 2011 च्या दरांनी त्याचा मध्यक रोज 2.84 डॉलर आला, आणि किमान 1.58 अब्ज लोकांचे उत्पन्न त्याहून कमी होते. परवडत नाही ती शिफारस कागदावरच राहते. ब्राझीलने 2009 च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान 30 टक्के भाग कौटुंबिक शेतीकडून खरेदीसाठी राखला, त्यांची 2014 ची आहार मार्गदर्शिका त्यानंतरची. तुमच्या मात्रा सार्वजनिक स्वयंपाकघरांच्या खरेदीच्या निविदेत शब्दशः उतरतील अशा एककात लिहा, दर ताटामागे ग्रॅम.