वेंगुर्ल्याहून मलावीच्या मिशन रुग्णालयात: नव्याने काय शिकावे लागेल?

वेंगुर्ल्याची परिचारिका:
नमस्कार. गेली नऊ वर्षे मी सिंधुदुर्गातील एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. येत्या जानेवारीत दोन वर्षांसाठी आफ्रिकेतील मलावी या देशातील एका मिशन रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात सेवेसाठी जात आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन आमच्या गावात वैद्यकीय सेवा करत होते. पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष झालेले त्यांचे चिरंजीव रॉबर्ट यांचा जन्मही १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातलाच. परमुलखातून सेवेला आलेल्या अशा माणसांच्या गोष्टी माझ्या आजीने आम्हांला खूप सांगितल्या. मलेरिया, लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) आणि फुरशाचा दंश मी पाहिलेला आहे. तरीही तिथे गेल्यावर कोणत्या गोष्टी मला अगदी नव्याने शिकाव्या लागतील, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी:
ताई, मी मलावीत तीन वर्षे होतो. तुम्ही जानेवारीत पोहोचणार, म्हणून आधी पावसाचे सांगतो. तिथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. आपण इकडे आंब्याच्या मोहोराकडे डोळे लावून बसतो, तेव्हा तिथे मलेरिया भरात असतो, आणि मक्याचे नवे पीक एप्रिलच्या सुमारास येत असल्यामुळे घरोघरच्या कणग्याही तेव्हाच रिकाम्या होतात. त्यामुळे उपासमार आणि मलेरिया ही दोन्ही दुखणी एकाच मुलाच्या अंगावर दिसतात. आपल्याकडे मलेरिया म्हटले की हुडहुडी भरलेला मोठा माणूस डोळ्यांसमोर येतो. तिथे दोन वर्षांचे, झटके येऊन बेशुद्ध पडलेले मूल समोर येते.

माझ्या पहिल्याच आठवड्यात एका रात्री एक बाई असे मूल चितेंजे नावाच्या रंगीत कापडात पाठीशी बांधून, कित्येक तास चालत आली. अंगात रक्त कमी आहे का, हे बघायला मी सवयीने मुलाची पापणी खाली ओढून पाहू लागलो. तेवढ्यात तिथल्या सिस्टरने काही न बोलता मुलाची मूठ उघडली आणि त्याचा तळहात आईच्या तळहाताशेजारी धरला. आईचा गुलाबी होता, मुलाचा कागदासारखा पांढरा. हिमोग्लोबिनचा आकडा येण्याआधीच तिने मुलाच्या मामाला रक्त देण्यासाठी प्रयोगशाळेकडे धाडले होते. आम्ही रक्तातील साखर तपासून ग्लुकोज दिले, शिरेतून आर्टेसुनेट हे मलेरियाचे औषध सुरू केले आणि मामाचे रक्त चढवले. पहाटे मूल रडले, तेव्हा वॉर्डातल्या सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. वीस किलोंहून कमी वजनाच्या मुलाला आर्टेसुनेट किलोमागे ३ मिलिग्रॅम आणि त्याहून मोठ्यांना २.४ मिलिग्रॅम लागते, हे पाठ करूनच जा.

दुसरी गोष्ट नातेवाइकांची. त्यांना तिथे गार्डियन म्हणतात. रुग्णाचे अंग पुसणे, कपडे धुणे आणि रुग्णालयामागच्या चुलींवर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, रांधणे हे सारे तेच करतात. मी पहिले काही दिवस त्यांना भेटीची वेळ संपली म्हणून बाहेर काढत होतो, आणि त्यामुळे माझ्याच रुग्णांची आबाळ झाली, याचे मला आजही वाईट वाटते.

गुहागरकर:
मलावी सरोवर पाहून पोहण्याचा मोह होईल, पण काठाच्या उथळ पाण्यातील गोगलगायींमुळे शिस्टोसोमियासिस हा कृमींचा आजार होतो आणि तिथे शाळकरी मुलांच्या लघवीतून रक्त जाणे ही नित्याची तक्रार असते. हा आजार कोकणाला अगदीच परका नाही. आमच्या तालुक्यातील गिमवी गावी तो आढळल्याचे गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले होते. मलावीत मात्र तो गावोगाव आहे आणि त्यावर प्राझिक्वांटेल देतात.

राजापूरचा वैद्यकीय अधिकारी:
सर्पदंशाविषयी सावध करतो. आपली प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते. तिथले पफ ॲडर, मांबा आणि नाग वेगळे असल्यामुळे त्या लसीवर विसंबता येत नाही. कपाटात कोणती लस आहे, ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या. तसेच, भातलावणीच्या दिवसांत आपण लेप्टोसाठी डॉक्सीसायक्लिन आठवड्यातून एकदा वाटतो. मलेरिया टाळण्यासाठी ती रोज घ्यावी लागते. दोन वर्षांच्या मुक्कामासाठी कोणते औषध योग्य, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कोकणात वाढल्यामुळे आपल्याला मलेरिया होणार नाही, असे कृपा करून समजू नका.

वेंगुर्ल्याची परिचारिका:
सर्वांचे मनापासून आभार. तळहाताची गोष्ट मी आजच वॉर्डात करून पाहिली. भाषेची चिंता मात्र राहते. चिचेवा आल्याशिवाय आईला मुलाची हकीगत कशी विचारणार?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ, रत्नागिरी:
सुरुवातीला दुभाषी सहकारी असतील, पण अभिवादन स्वतःच करा. ‘मुली ब्वांजी’ म्हणजे कसे आहात, असे विचारून उत्तर ऐकल्याशिवाय थेट दुखण्याविषयी विचारणे तिथे उद्धटपणाचे मानतात, मग वॉर्डात कितीही गर्दी असो. बाईला ‘अमायी’ म्हणा. त्याचा अर्थ आईच आहे, त्यामुळे तो शब्द तुम्हांला वेगळा पाठ करावा लागणार नाही. आणि तुमच्या आईंना सांगा की सरोवरातली उसिपा नावाची बारीक मासळी तिथे माचांवर वाळत घातलेली असते आणि बाजारात तिचा वास थेट आपल्या सुकटीसारखा येतो. सोबत आमसुले तेवढी न्या, ती तिथे मला कुठेच मिळाली नाहीत.