मदत हवी आहे: सोलरसाठी घराचं आढं फिरवावं का?

नमस्कार मंडळी,

गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं घर बांधायचं चाललंय. सनद (जमीन घरासाठी वापरायची परवानगी) हातात आहे, नकाशा अजून पंचायतीत दिलेला नाही, म्हणजे बदल करायचा तर आत्ताच. वर उतरता स्लॅब आणि त्यावर मंगळुरी कौलं. छपरावर ३ किलोवॅट सोलर बसवायचं मनात आहे. पीएम सूर्यघर योजनेत तेवढ्याला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि आमचा वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आसपास.

वाद आढ्यावरून आहे. दार पूर्वेला, रस्त्याकडे. नकाशात आढं उत्तर-दक्षिण, म्हणजे छपराचं एक पाखं (उतार) पूर्वेला, दुसरं पश्चिमेला. मला ते फिरवून पूर्व-पश्चिम करायचंय, कारण जिथे वाचावं तिथे पॅनलचं तोंड दक्षिणेला हवं असंच लिहिलेलं. बाबा ऐकत नाहीत. त्यांचं म्हणणं, आढं फिरवलं की पश्चिमेची त्रिकोणी भिंत उघडी पडणार आणि जून ते सप्टेंबर झड सरळ तिच्यावर बसणार. जुन्या घराची तशी भिंत त्यांनी मला नेऊन दाखवली. चिऱ्यांच्या फटींत शेवाळ, आणि हात लावला की लाल भुगा बोटांना चिकटतो. आजोबा पावसाळ्याआधी तिला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, आता विणणारं कोणी उरलं नाही. आईचा आक्षेप वेगळाच: दारावर त्रिकोण आला की घर काजूच्या फॅक्टरीसारखं दिसेल. (मी गप्प बसलो, कारण खरंच दिसतं.)

शिवाय दक्षिणेला कुंपणालगत फणस आहे. तो तोडायचा विषय आमच्याकडे निघत नाही.

तर पूर्व-पश्चिम पाख्यांवर पॅनल लावले तर किती वीज बुडेल? आणि कौलांवर ते बसवतात कसे? वांदरांमुळे दरवर्षी कौलं बदलावी लागतात ती वेगळीच.

प्रतिसाद १

आढं आहे तसंच राहू द्या. दक्षिणेचा नियम दिल्ली-पंजाबकडे जास्त लागू. डिचोली साडेपंधरा अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य माथ्यावर येतो आणि ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दुपारी उत्तरेकडेच असतो. कौलांच्या उतारावर पूर्व-पश्चिम मांडणीत वर्षाची वीज फार तर दहा टक्क्यांनी घटेल. तेवढ्यासाठी भिंत भिजवू नका. उलट आढं फिरवलंत आणि जागा कमी पडून उत्तरेच्या पाख्यावर पॅनल गेले, तर डिसेंबरच्या दुपारी ते दक्षिणेच्या निम्मीही वीज देणार नाहीत.

साडेपाचशे वॅटचे सहा पॅनल पुरतात, तीन-तीन दोन्हीकडे. पण दोन्ही बाजू एकाच ओळीत जोडू देऊ नका. सोलरच्या इन्व्हर्टरला दोन स्वतंत्र एमपीपीटी (ओळीतून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा भाग) हवेत, आणि तीन पॅनलांच्या व्होल्टेजवर तो चालू होतो ना, हे लेखी घ्या.

फणसाचं: २२ डिसेंबरला दुपारी सूर्य ५१ अंशांवर असतो. झाड छपराहून दहा फूट उंच असेल तर सावली झाडापासून आठ फूट आत येते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. पॅनल उत्तरेच्या टोकाकडे सरकवा. एका पॅनलवर फांदीची सावली पडली तरी त्या ओळीची वीज उतरते.

पॅनल धरणारे हूक स्लॅबला लावायचे ते कौलं चढवण्याआधी. मागाहून कौलांना भोकं पाडलीत तर पहिल्याच पावसात गळती. वायरीचा पाइपही स्लॅब ओततानाच घाला. वांदरांच्या उड्यांनी पॅनलची काच सहसा फुटत नाही, पण लोंबती वायर दिसली की ओढतात.

धागाकर्ता

देव बरें करूं! बाबांना वाचून दाखवलं. लगेच गवंड्याला फोन. आता त्यांचा प्रश्न: पावसात लाइट गेली तर सोलरवर घर चालेल ना?

प्रतिसाद १

नाही. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे खांबावरच्या लाइनला जोडलेला सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसेल. पंखे-दिव्यांना घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर पुरेल. लाइट नसतानाही विहिरीचा पंप चालवायचा असेल तरच हायब्रिडचा (बॅटरीही जोडता येणाऱ्या सोलर इन्व्हर्टरचा) भाव काढा, कारण बॅटरीने खर्च बराच वाढतो.