ऑटोमॅटिक गाडीत घाट उतरताना पॅडल शिफ्टर वापरावेत का? सल्ला हवा

सावित्रीकाठ:
नमस्कार मंडळी. पंधरा वर्षं मॅन्युअल चालवली, गेल्या दिवाळीत ऑटोमॅटिक घेतली. पेट्रोल, ६ गिअर, टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा गिअरबॉक्स. स्टिअरिंगच्या मागे डावीकडे वजा आणि उजवीकडे अधिक असे गिअर बदलायचे दोन पॅडल आहेत. गाडी घेताना "जोरात चालवायची असेल तर वापरा" एवढंच कळलं, म्हणून मी त्यांना कधी हातच लावला नाही.

गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरत होते. गाडी डी (ड्राइव्ह, गिअर आपोआप बदलतात) मध्येच. वाडा कुंभरोशीच्या अलीकडे करपल्यासारखा वास सुटला आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं. कडेला जागा मिळाल्यावर थांबले. अर्धा तास कोणी काही बोललं नाही. उतरले तेव्हा बाबांनी माझ्या सीटची पाठ किती घट्ट धरली होती ते दिसलं.

माहेर तिकडेच, त्यामुळे हा घाट काही टळत नाही. पॅडलचा इथे उपयोग होईल का? चालत्या गाडीत दाबले तर गिअरबॉक्सला इजा होते का? आणि पेट्रोल?

कुंभार्लीवाला:
ताई, थांबलात ते फार चांगलं केलंत. मी एसटीत ड्रायव्हर होतो, चिपळूण-कऱ्हाड मार्गावर बरीच वर्षं काढली. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेलं: ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. तुम्ही मॅन्युअलमध्ये हेच करत असणार, हात आपोआप दुसऱ्यावर जात असेल. डी मध्ये उतारावर गाडी हलकी धावते, गिअरबॉक्स वरचा गिअर टाकतो, इंजिन धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. डावा पॅडल म्हणजे तुमचा जुना दुसरा गिअर. तो वापराच.

उतारावर न्यूट्रल मात्र कधीही नाही. पेट्रोल वाचतं म्हणून लोक करतात, पाहिलं की जीव तुटतो.

गॅरेज_कऱ्हाड:
काकांचं बरोबर आहे. तुमच्या बाकीच्या प्रश्नांचं सांगतो.

गिअरबॉक्सला काही होत नाही. पॅडल म्हणजे फक्त बटण, गिअर बदलतो तो कॉम्प्युटर. वेग जास्त असताना तुम्ही वजा दाबलंत आणि इंजिन लाल रेषेच्या (फेऱ्यांच्या कमाल मर्यादेच्या) पुढे जाणार असेल, तर तो हुकूम मानतच नाही.

पेट्रोलचीही काळजी नको. ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला आणि चाकं इंजिनाला फिरवताहेत, अशा वेळी इंजेक्टर बंद होतात. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा तीन हजारांवर दिसला, आवाज वाढला, तरी इंधन जवळजवळ जातच नाही. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं.

आता वापरायचं कसं. डी मध्ये असताना पॅडल दाबला तर बऱ्याच गाड्या थोड्या वेळाने स्वतःच डी वर परत जातात. नेमकी वळणावर गेली तर गाडी सुटल्यासारखी वाटते. म्हणून घाट सुरू होण्याआधी लिव्हर एम (मॅन्युअल) वर घ्या. मग वजा एकेकदा दाबा. आंबेनळीला बहुतेक ठिकाणी दुसरा, कुठे कुठे तिसरा. गिअर वळणाच्या आधी टाका, वळणात नको. बहुतेक गाड्यांत पॅडल स्टिअरिंगबरोबर फिरतात, हेअरपिनला अर्धं चक्र फिरवलं की डावा उजवीकडे आलेला असतो आणि भलताच दाबला जातो. पावसात तर एकदम दोन गिअर खाली आणू नका, पुढची चाकं घसरू शकतात.

ब्रेक लागतीलच, पण वेग कमी करण्यापुरते दाबून सोडायचे, पाय ठेवून बसायचं नाही.

आणि येत्या आठवड्यात ब्रेक ऑइल तपासून घ्या. ते हवेतली ओल शोषतं, त्यामुळे कमी तापमानाला उकळतं, आत बुडबुडे होतात आणि पेडल खोल जातं. तुमची लक्षणं तीच आहेत. ब्रेक पॅडही बघून घ्या.

कुंभार्लीवाला:
एक राहिलं. इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. मागे ट्रक असेल तर ब्रेकला हलका स्पर्श करा, त्याला कळू द्या.

नेक्सॉन_ईव्ही:
थोडं विषयांतर. माझ्या इलेक्ट्रिक गाडीतही पॅडल आहेत, पण गिअर नसल्याने ते रीजनची पातळी बदलतात (रीजन म्हणजे मोटर गाडीचा वेग कमी करते आणि ती वीज बॅटरीत भरते). घाटात डावा वाढवून ठेवतो, ब्रेक क्वचितच लागतो. फक्त वर राहून बॅटरी पूर्ण चार्ज करून उतरायला लागलात तर रीजन कमी मिळतं, कारण वीज साठवायला जागाच नसते. वर जरा कमीच चार्ज करा.

आडवाट:
माझा अनुभव: शहरात पॅडलची गरज नाही, डी पुरे. दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करायच्या आधी मात्र एकदा वजा दाबून घेतो. ॲक्सिलरेटर दाबून गिअर पडायची वाट बघत बसावं लागत नाही.

सावित्रीकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. ब्रेक ऑइल बदललं, जुनं काळपट निघालं. काल एकटीच जाऊन आधी पसरणी घाट उतरले, एम वर, दुसऱ्यात. सुरुवातीला इंजिनाच्या आवाजाने धडकी भरली, चार वळणांनंतर कान सरावले. वाईला थांबून चाकाजवळ वाकून पाहिलं, वास नव्हता. रविवारी आईबाबांना घेऊन आंबेनळी. काका, कुंभरोशीच्या खालच्या त्या सलग वळणांना दुसराच ठेवू की पहिला?

कुंभार्लीवाला:
दुसराच. पहिला फक्त समोरून एसटी आली आणि अगदी रांगत जायची वेळ आली तर. आणि तिला वर चढायला आधी वाट द्या.