फोर्ट स्टिकीन: ९०० टन पाणी मारूनही आग वर का चढली?

बंदरवाला: १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी. फोर्ट स्टिकीन या मालवाहू जहाजाच्या दोन नंबरच्या होल्डमधून (माल ठेवायच्या कप्प्यातून) दुपारी दोनच्या सुमारास धूर येताना दिसला आणि ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज उडालं. मधल्या वेळात ९०० टनांहून जास्त पाणी आत गेलं. पाणी कमी पडलं, की चुकीच्या जागी पडलं?

खलाशी_७२: पाणीच नडलं. कराचीत जहाजात ८,७०० गाठी कापूस चढला होता. दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला कापूस आणि त्याच्या वरच्या मजल्यावर स्फोटकं, अशी रचना. दाबलेली गाठ पाण्यापेक्षा हलकी असते, म्हणून जसं पाणी भरलं तशा धुमसत्या गाठी तरंगत स्फोटकांच्या दिशेने वर आल्या. शिवाय गाठ आतून धुमसते. बाहेरून मारलेलं पाणी गाभ्यापर्यंत पोचतच नाही, आणि धुरामुळे मूळ जागा सापडत नव्हती. ४:३४ चा दुसरा स्फोट चार नंबरच्या होल्डचा.

बंदरवाला: मग हॅच (होल्डचं वरचं झाकण) बंद करून कार्बन डायऑक्साइड सोडला असता तर?

खलाशी_७२: नुसत्या कापसासाठी तोच रस्ता: हॅच आणि हवेच्या वाटा बंद, आत वायू, डेक आणि बाजूचे पत्रे बाहेरून थंड ठेवायचे. घाईने हॅच उघडली की हवा मिळून गाठी पुन्हा पेटतात. आज मालवाहू जहाजात सर्वांत मोठ्या होल्डच्या आकारमानाच्या ३० टक्के भरेल इतका वायू ठेवावा लागतो. पण स्फोटकांना बाहेरचा प्राणवायू लागत नाही. ती तापली की वायूचा काही उपयोग नाही.

माल_नियोजक: म्हणून खरी चूक आग लागण्याआधीची, माल रचण्यातली. आजच्या आयएमडीजी संहितेत (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम) १.१ वर्गाची, म्हणजे सगळी एकदम उडू शकणारी स्फोटकं आणि ज्वालाग्राही घन माल यांच्यात अख्खा एक होल्ड सोडावा लागतो, तोही जहाजाच्या लांबीच्या दिशेने. मध्ये फक्त डेक असला तर चालत नाही. स्टोवेज प्लॅन (कोणता माल कुठे रचला त्याचा आराखडा) तपासताना आडवा नकाशा पाहून थांबू नका, प्रत्येक होल्डचा उभा छेद मागा. वर-खालची जोडी तिथेच दिसते.

आणि लाल बावटा. स्टिकीनवर धोकादायक मालाची ही खूण लावलेलीच नव्हती. जहाजावर १,३९५ टन स्फोटकं असताना गोदीतल्या शेजारच्या जहाजांना ते कळायला काही मार्गच नव्हता. त्या दिवशी ६६ अग्निशमन जवान गेले. माल काय आहे हे बंबाच्या पहिल्या गाडीला फाटकावरच सांगितलं गेलं पाहिजे, म्हणून मालाची यादी आणि होल्डचा नकाशा गँगवेजवळच्या (जहाजावर चढायच्या शिडीजवळच्या) डब्यात ठेवा, केबिनमध्ये नको.