वीस हजारांपर्यंतचा डॅक: तंबोऱ्यामागची घरघर जाईल का?

खुंटी (मिरज):
नमस्कार मंडळी. माझे वडील इथेच तंबोऱ्यांना जवारी लावायचे. घरच्या बैठकांत त्यांनी टेप केलेल्या चाळीसेक कॅसेटी मी दोन वर्षं खपून लॅपटॉपवर उतरवून घेतल्या. शिवाय शंभरावर सीडी आहेत. सध्या लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून जुन्या ॲम्प्लिफायरला जोडली आहे. त्याला मागे फक्त आरसीए (लाल-पांढरी गोल भोकं) आहेत.

तंबोरा सुरू झाला की मागे बारीक घरघर येते. माउस हलवला की किर्र होतं. जवारी लावताना तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा दोरा केसभर सरकवला की तार बोलायला लागते. त्या बोलण्यावरच आमचं घर चाललं, म्हणून ही घरघर मला फार लागते.

म्हणून डॅक, म्हणजे लॅपटॉपमधला डिजिटल आवाज ॲम्पला चालेल असा करून देणारी बाहेरची डबी, घ्यायचा विचार आहे. मनात दोन आहेत: टॉपिंगचा ई३० टू आणि आयफायचा झेन डॅक. दुकानदार म्हणतो, ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ आणि बॅलन्स्ड नसेल तर घेऊच नका. काय करू?

खर्ज (ठाणे):
काका, पैसे काढायच्या आधी एक करा. लॅपटॉपचा चार्जर उपसा आणि बॅटरीवर तीच कॅसेट लावा. घरघर थांबली तर ती ग्राउंड लूपची, म्हणजे लॅपटॉप आणि ॲम्प यांच्या अर्थिंगचा फेरा होतोय. तसं असेल तर यूएसबीने जोडलेल्या महागड्या डॅकमधूनही ती येऊ शकते. ऑप्टिकल केबलमधून नुसता प्रकाश जातो, त्यामुळे फेरा तिथेच तुटतो. झेन डॅकला इनपुट फक्त यूएसबी. ई३० टूला यूएसबी, ऑप्टिकल, कोअ‍ॅक्सियल तिन्ही, वर रिमोट.

दुकानदाराचं मनावर घेऊ नका. बिट म्हणजे आवाजाची एकेक मोजणी किती बारीक, किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती हजार मोजण्या. सीडीच मुळात १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. एका बिटाला साधारण ६ डेसिबल धरले तर सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबल झालं. घरी टेप केलेली कॅसेट त्याच्या आसपासही जात नाही. बॅलन्स्डचं, म्हणजे तीन तारांच्या वेगळ्या जोडणीचं म्हणाल तर तुमच्या ॲम्पला ते घ्यायला जागाच नाही.

गांधार (नाशिक):
सीडी प्लेअरच्या मागे ऑप्टिकल आउट आहे का बघा. असेल तर सीडीसाठी लॅपटॉप लागणारच नाही. एक आठवणीने सांगते: नव्या ऑप्टिकल केबलच्या दोन्ही टोकांना बारीक पारदर्शक टोपण असतं, ते काढा. मी न काढताच जोर लावून बसवत होते. पुढे कधी टीव्ही जोडलात तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउट पीसीएमवर (साधा, न आवळलेला डिजिटल आवाज) ठेवा. आमच्याकडे ते डॉल्बीवर होतं आणि दोन दिवस आवाजच नव्हता. डॅक बिघडलेला समजून आम्ही परत पाठवायला निघालो होतो.

खुंटी (मिरज):
चार्जर काढला, घरघर लगेच बंद! माउसची किर्र मात्र तशीच आहे. ती कशाने?

खर्ज (ठाणे):
ती लॅपटॉपच्या आतल्या साउंड सर्किटची. आवाज बाहेरच्या डॅकमधून घेतलात की बहुतेक जाईल. ई३० टू घ्या. आणि पहिल्यांदा लावताना ॲम्पचा व्हॉल्यूम अगदी खाली ठेवा. असे डॅक साधारण २ व्होल्ट देतात, हेडफोनच्या भोकापेक्षा बरंच जास्त. लॅपटॉप आणि डॅक दोन्हीकडचा आवाज पूर्ण ठेवून कमीजास्त ॲम्पवरच करा.

खुंटी (मिरज):
घेतला. सीडी प्लेअर ऑप्टिकलने जोडला, लॅपटॉप यूएसबीने आणि ऐकताना बॅटरीवर. घरघर नाही, किर्र नाही. कॅसेटची स्वतःची सरसर आहे, ती राहू दे.

काल रात्री एक बैठक लावली. गाणं सुरू व्हायच्या आधी वडील हळूच म्हणतात, "थांबा, पंचम उतरलाय." मग लाकडी खुंटी कुरकुरते, तार दोनदा छेडली जाते आणि पंचम चढत चढत जागेवर येऊन बसतो. हे बोलणं त्या कॅसेटवर आहे हे मला आजवर माहीतच नव्हतं. आईला उठवून ऐकवलं. तिने तेवढाच तुकडा तीनदा लावायला सांगितला.

खर्ज, गांधार, तुमचे फार उपकार. उरलेल्या पैशांत स्पीकरला स्टँड करून घेतो, सध्या ते कपाटावर आहेत.