आजार म्हणजे मनावरची धूळ? मिकी नाकायामांची शिकवण पटते का?

रानजाई: जपानच्या तेनरिक्यो पंथाच्या संस्थापक मिकी नाकायामा (१७९८–१८८७). त्यांची शिकवण अशी: शरीर देवाकडून उसनं मिळालेलं, आपलं काय ते फक्त मन. मनावर आठ प्रकारची धूळ साचते. कंजूषपणा, हाव, द्वेष, आकस, राग, गर्व वगैरे. इथवर ठीक. पण आजारपण हा त्या धुळीबद्दलचा देवाचा इशारा, असं म्हटलं की माझं डोकं सटकतं. कॅन्सरच्या पेशंटला सांगायचं, मन तपास? आईच्या आजारपणात ‘प्रारब्ध’ ऐकवणारे काय कमी होते!

ताकभात: धूळ म्हटलंय, पाप नाही. झाडली की निघते. आणि बाई कोण ते बघा. जपानच्या यामातो प्रांतातल्या शेतकरी घरातली सून. १८३८ साली मुलाचा पाय दुखत होता, म्हणून मांत्रिक बोलावला. ज्या बाईच्या अंगात यायचं ती आलीच नाही, मिकी तिच्या जागी बसली आणि देव हिच्याच तोंडून बोलायला लागला. पुढे घरातलं सगळं वाटून टाकलं. गरोदर बायांना तिने काय सांगितलं? खाण्याचं पथ्य नको, पोटाला पट्टा नको, टेकून बसून राहायला नको, ७५ दिवसांचा विटाळ नको. सोयर पाळणाऱ्या घरातल्या बाईला विचारा याचं मोल.

रानजाई: बाळंतिणीचं शंभर टक्के मान्य. म्हणूनच जास्त खटकतं. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं, आजाऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. त्यांच्या ‘इन्नेन’मध्ये, म्हणजे कर्माच्या हिशेबात, तर मागचे जन्मही येतात.

उंबरठा: तुम्ही दोघं आजारातच अडकलात. १८८६च्या कडाक्याच्या थंडीत नव्वदीला टेकलेल्या म्हातारीला पोलिसांनी १२ दिवस कोठडीत ठेवलं, ते काय धुळीसाठी? ‘ओफुदेसाकी’ या स्वतः लिहिलेल्या ग्रंथात ती उंचावर बसलेल्यांची कानउघाडणी करते, ते खुपत होतं. पंथावरची शिंतोची, म्हणजे जपानच्या पारंपरिक धर्माची, पाटी तरी कुठे मनापासूनची? सरकारी मान्यता हवी म्हणून १९०८ साली शिंतोचा पंथ म्हणून नोंद झाली, १९७० साली ते स्वतःहून बाहेर पडले.

रानजाई: मान्य, पण विषयांतर.

ताकभात: तेनरी शहरात या पंथाचंच मोठं हॉस्पिटल आहे. रीतसर डॉक्टर, ऑपरेशनं, सगळं. औषध नको असं कुणी म्हणत नाही.

रानजाई: औषधाबद्दल मी बोललेच नाही. डॉक्टर तपासून गेल्यावर उशाशी येऊन बसणारा काय बोलतो, त्याबद्दल बोलतेय. तो नुसती प्रार्थना करून उठला तर माझी हरकत नाही. आठ धुळींची यादी वाचायला लागला तर मी त्याला दार दाखवेन.