बाईच्या हातात सुरा दिला की सिनेमा स्त्रीवादी होतो का? (जपानी पोस्टरवाल्यांना उत्तर)

तिरपागडा:
परवा इथेच एक पोस्ट फिरत होती. सत्तरच्या दशकातल्या जपानी 'पिंकी व्हायलन्स' (म्हणजे मारामारी आणि उघडी अंगं यांची मिसळ) सिनेमांची पोस्टरं एकाखाली एक लावलेली आणि वर मजकूर असा की आपल्याकडे हिरॉइन पदर डोळ्याला लावून रडत होत्या तेव्हा तोएई स्टुडिओ स्त्रीवादी सिनेमा काढत होता, आणि ज्यांना यात फक्त उघडी अंगं दिसतात त्यांनी डोळे तपासून घ्यावेत. खाली बदामांचा पाऊस. मी डोळे तपासले, नंबर तोच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जपानमध्ये १९५८ साली सिनेमाची ११२ कोटींच्या वर तिकिटं विकली गेली होती. १९७२ पर्यंत तो आकडा १९ कोटींच्याही खाली आला. घरात टीव्ही आला, संपलं. १९७१ च्या शेवटी दाइएईसारखी कंपनी दिवाळखोरीत गेली, निक्कात्सु या दुसऱ्या स्टुडिओने त्याच नोव्हेंबरात सगळा गाशा गुंडाळून 'रोमान पोर्नो' सुरू केलं, म्हणजे तासा-सव्वा तासाचा सिनेमा, साधारण ७५ लाख येनात उरकायचा, दर काही मिनिटांनी 'तो' सीन पाहिजे, बाकी दिग्दर्शकाने काय वाटेल ते करावं. तोएईची किमोनो घालून इमानाच्या गोष्टी सांगणारी याकुझा (जपानी गुंड टोळ्यांची) पिक्चरं तोवर शिळी झाली होती, म्हणून त्यांनी पोरींच्या टोळ्या आणि बायकांचे तुरुंग काढले. टीव्हीवर जे दाखवता येत नाही ते दाखवायचं, एवढा सरळ धंदा होता. त्याला तुम्ही आज पन्नास वर्षांनी सिद्धांत चिकटवताय.

दिग्दर्शक तेरुओ इशीईने १९६८-६९ मध्ये छळाच्या पिक्चरांचा सपाटा लावला तेव्हा तोएईच्याच क्योतो स्टुडिओतल्या असिस्टंट डायरेक्टरांनी निषेधाचं पत्रक काढलं होतं. त्यांनाही डोळे तपासायला पाठवणार का?

पोस्टरं मला आवडतात हेही सांगून ठेवतो, नाहीतर लगेच संस्कारी म्हणाल. स्टिल फोटोंतून कापलेल्या आकृत्या, कोणाचा कोणाला मेळ नाही, वर हे एवढं मोठं तोंड, त्याच्या हनुवटीखाली मुठीएवढी मोटारसायकल, मध्ये ब्रशने ओढलेलं लालभडक टायटल, आणि ते टायटल बरोब्बर तिथेच जिथे झाकायचं असतं, कारण पोस्टरसुद्धा एइरिनकडून, म्हणजे सिनेमावाल्यांच्याच सेन्सॉर मंडळाकडून, पास करून घ्यावं लागायचं. हे काम कंपनीच्या जाहिरात खात्यातली माणसं करायची आणि त्यांचं नाव पोस्टरवर कुठेही नाही. तिकडे आर्ट थिएटरवाल्यांची पोस्टरं योकोओ तादानोरी, आवाझु कियोशी या डिझायनरांच्या नावानिशी म्युझियममध्ये गेली. कळवळा असेल तर त्या बिननावाच्या लोकांचा करा ना. स्त्रीवाद कशाला मध्ये आणता?

मात्सूची_टोपी:
ती पोस्ट माझी. नाव न घेता लिहिलंत, थोर मन.

आकडे फेकून झाले असतील तर एक सांगा, १९७२ चा पहिला 'सासोरी' (म्हणजे विंचू, कैदी नायिका मात्सूचं टोपणनाव) पाहिलाय का? पूर्ण? सुरुवातच तुरुंगाच्या समारंभाने होते, झेंडा, राष्ट्रगीत, तुरुंगाधिकाऱ्याचा सत्कार, आणि भर राष्ट्रगीतात भोंगा वाजतो की कैदी पळाली. पुढे ज्या पोलिसावर तिने जीव लावला तो तिला वापरून टाकतो तेव्हा पांढऱ्या चादरीवर रक्ताचा गोल लाल डाग, हुबेहूब हिनोमारू, जपानचा झेंडा. हे धंद्यासाठी केलं? दिग्दर्शक इतो शुन्या, पहिलाच सिनेमा त्याचा, स्टुडिओच्या युनियनमधला माणूस, मोठ्या स्टुडिओच्या पैशाने त्याने सरकार, पोलीस, तुरुंग, पुरुष सगळ्यांना एका माळेत ओवलं.

आणि मात्सू झालेली नटी मेइको काजी. निक्कात्सुने रोमान पोर्नोची लाइन धरली तेव्हा ती तिथून बाहेर पडून तोएईत आली. मूळ मांगातली (जपानी कॉमिकमधली) मात्सू शिवराळ आहे, काजी म्हणाली मी हे बोलणार नाही, त्यापेक्षा गप्प राहीन, आणि त्या गप्प राहण्यातूनच अख्खं पात्र उभं राहिलं. सबंध पिक्चरभर बाई जवळपास बोलत नाही, नुसती बघते. आपल्या किती नट्यांनी स्वतःचा रोल असा फिरवून घेतलाय? एक नाव सांगा.

शेवटची_रांग:
पिक्चर पाहिलाय. ती काचेच्या जमिनीखालून कॅमेरा लावलेली बलात्काराची फ्रेमही पाहिली आहे. रचना काय, रंग काय, वा वा. आता मला सांगा ती फ्रेम 'व्यवस्थेच्या विरोधात' आहे की बाल्कनीतल्या गिऱ्हाइकासाठी? दोन्ही म्हणालात तर मी मानायला तयार आहे. पण नुसतं पहिलं म्हणाल तर जरा जास्तच होतं.

टोफू_थालीपीठ:
हॉलिवूडच्या टॅरँटिनोने उचललं नसतं तर तुमच्यापैकी एकानेही काजीचं नाव ऐकलं नसतं. चालू द्या.

मात्सूची_टोपी:
आला टॅरँटिनो. तिसऱ्याच प्रतिसादाला आला, मी पाचव्याला धरला होता. त्याने 'किल बिल'मध्ये काजीने गायलेली दोन गाणी घेतली म्हणून ती त्याची होत नाहीत. त्यातल्या सासोरीच्या 'उरामी बुशी'चे शब्द इतोनेच लिहिलेत, चाल किकुची शुन्सुकेची. तो काय सर्टिफिकेट द्यायला बसलाय का.

सायली_दुसरी:
मी सिनेमातली जाणकार नाही पण एक सांगते. बंगळूरला फ्लॅट शेअर करत होतो, आम्ही दोघी आणि दोन मुलं. त्यातल्या एकाने हॉलमध्ये असलंच जपानी पोस्टर फ्रेम करून लावलं, दोरीने बांधलेली बाई, मागे दात विचकणारा माणूस, आणि ते नेमकं डायनिंग टेबलच्या वर. काढ म्हटलं तर मला विंटेज ग्राफिक डिझाइनवर लेक्चर. आई आली तेव्हा तिने काही न बोलता तिच्या पर्समधल्या सेफ्टी पिना काढून त्यावर बेडशीट लावली आणि जाईपर्यंत ती काढू दिली नाही. पोराची हिंमत झाली नाही एक शब्द बोलायची. तो मुलगा वाईट नव्हता, भांडी वगैरे घासायचा. पण त्याला खरंच कळत नव्हतं की मला रोज वरणभात खाताना ते नकोय. तुमच्या खोलीत लावा, दाराच्या आतून लावा, हॉलमध्ये कशाला?

मात्सूची_टोपी:
सायलीताई, तो मुलगा माठ होता हे मान्य. पण तुम्ही सांगताय ते छळपटाचं पोस्टर झालं, मी सासोरी आणि सुकेबान (पोरींच्या टोळ्यांच्या) पिक्चरांबद्दल बोलतोय, जिथे हत्यार बाईच्याच हातात आहे. सगळं एकाच पोत्यात घालू नका.

सायली_दुसरी:
तुमच्या पोस्टमध्ये दोन्ही पोती होती. मी आत्ता परत जाऊन बघितलं.

निशीकासाईकर:
स्त्रीवाद वगैरे चालू द्या, मला वेगळंच दुखतंय. त्या पोस्टमधलं तिसरं पोस्टर रिप्रिंट आहे. फोटोत कागद सपाट दिसतोय आणि तरी मधोमध घडीची रेघ आहे. घडी छापलेली आहे हो! कोणीतरी घडी पडलेलं ओरिजिनल स्कॅन केलं आणि घडीसकट छापून विकलं.

मी इथे तोक्योत राहतो, सुट्टीच्या दिवशी जिंबोचोच्या जुन्या पुस्तकांच्या गल्ल्यांत पडीक असतो म्हणून सांगतो. ओरिजिनल बी-टू म्हणजे ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटर, कागद पातळ, कोपऱ्यांना बहुतेक वेळा टाचणीची भोकं. दहापट भिंग घ्या आणि चेहरा बघू नका, खालची बारीक अक्षरं बघा, कलाकारांची नावं असतात ती. जुन्या ऑफसेटमध्ये ती काळी अक्षरं सलग शाईची असतात, कडा स्वच्छ. स्कॅनवरून छापलेल्यात तीच अक्षरं ठिपक्या-ठिपक्यांची होतात, कारण मशीनला अक्षर आणि गाल यात फरक कळत नाही. इंकजेट असेल तर ठिपके नुसते भुरभुरलेले दिसतात. मीही एकदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून फसलोय, 'ओरिजिनल' म्हणून नळीत गुंडाळून आलं, कागद लग्नपत्रिकेसारखा जाड. परत घ्यायला तयार नाही, वर मलाच म्हणतो की जपानी कागद असाच असतो. मी जपानमध्ये बसून हे ऐकतोय!

मात्सूची_टोपी:
तिसरं पोस्टर माझ्या भिंतीवरचं आहे आणि ते मी चांगले पैसे मोजून घेतलंय.

निशीकासाईकर:
म्हणूनच वाईट वाटतं. भिंग आहे का घरात?

शेवटची_रांग:
😂😂 धागा वसूल.

गुऱ्हाळ:
रिप्रिंट असलं तर काय बिघडलं? ज्या माणसाने ते बनवलं त्याला ना ओरिजिनलचे पैसे मिळाले ना रिप्रिंटचे. ती थिएटरबाहेर आठवडाभर लावून टराटरा फाडून टाकायची वस्तू होती, पुढच्या आठवड्याला पुढच्या पिक्चरांची जोडी. त्यातली जी उरली ती आता श्रीमंतांची शेअर-सर्टिफिकेटं झाली. विद्यार्थ्याने चांगल्या कागदावर छापून होस्टेलला लावलं तर मला त्याचंच कौतुक.

निशीकासाईकर:
छापा की! 'रिप्रिंट' म्हणून विका, मी स्वतः घेईन. ओरिजिनलच्या भावात विकता आणि वर 'जपानी कागद असाच असतो' हे ऐकवता, भांडण तिथे आहे.

गुऱ्हाळ:
आणि रंग? पन्नास वर्षं उजेडात राहिलेल्या पोस्टरचा लाल उडतो. रिप्रिंटवाले उडालेलाच रंग छापतात कारण गिऱ्हाइकाला 'जुनं' पाहिजे. मुळात तो लाल अंगावर येणारा होता, भडक, स्टेशनबाहेरच्या गर्दीत मान वळवायला लावणारा. तुम्ही जे फ्रेम करता तो त्याचा पेन्शनीत गेलेला भाऊ आहे.

टोफू_थालीपीठ:
बिननावाच्या लोकांचा विषय निघालाच आहे तर कोल्हापूर विसरू नका. बाबूराव पेंटरांचं नाव तरी राहिलं, 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर लोक अजून दाखवतात. त्यांच्यानंतर बॅनर रंगवणारी शेकडो माणसं होती, त्यांची नावं कोणाला माहीत आहेत? माझे एक काका शाहूपुरीत बॅनर रंगवायचे, हिरोचा गाल गुलाबी करायचा की निळा यावर थिएटरमालकाशी त्यांची हातघाई व्हायची. आधी आपलं जपा, मग जपान.

तिरपागडा:
विषय जपानी पोस्टर आहे. काकांवर वेगळा धागा काढा, मी येईन, शप्पथ.

टोफू_थालीपीठ:
तुम्हीच 'बिननावाच्या लोकांचा कळवळा करा' म्हणालात. केला तर ओरडता. बाकी फोटोतून कापलेलं आणि हाताने रंगवलेलं यात कष्टाचा फरक आहे की नाही?

गुऱ्हाळ:
नाही. कात्री चालवणाऱ्यालाही डोळा लागतो. पोस्टरवर कोण मोठं, कोण बारकं, कोणाचं नाव पहिल्या रांगेत, कोणाचं शेवटी, सगळं ठरलेलं असायचं, त्यात चूक झाली की नटाकडची माणसं दारात. त्या चौकटीत राहून ते एवढं धमाल करायचे.

तिरपागडा:
बरं, मुद्द्यावर. मात्सूसाहेब, पहिला सासोरी मी दोनदा पाहिलाय आणि तो जबरदस्त आहे. ते न्हाणीघरात हातात काचेचा तुकडा घेऊन मागे लागलेल्या बाईचं तोंड एकदम काबुकी नाटकातल्या राक्षसासारखं रंगतं, केस उभे, उजेड निळा-हिरवा, तसलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. इतोचे पहिले तिन्ही भाग तुमचे, घ्या, फ्रेम करा. चौथा हासेबे या दुसऱ्या दिग्दर्शकाचा, तो बदला घेतल्यासारखा काढलाय. पण तीन पिक्चर म्हणजे लाट नव्हे. त्याच दुकानात त्याच काउंटरवर बाकीचा माल होता आणि पोस्टर दोन्हींना एकाच खात्यातून एकाच कात्रीने बनत होतं. पोस्टरवरून तुम्हाला कळूच शकत नाही की आत इतो आहे की कोणी गण्यागंपू. म्हणून म्हणतो, पोस्टरं लावून 'स्त्रीवाद' लिहू नका.

मात्सूची_टोपी:
अजि म्यां ब्रह्म पाहिले! तिरपागडा यांनी 'जबरदस्त' हा शब्द वापरला, स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

बाकी धंदा होता म्हणून कला नाही हे मला कधीच पटणार नाही. निक्कात्सुच्या त्याच सत्तर मिनिटांच्या साच्यात कुमाशिरो तात्सुमीने १९७२ मध्ये असा सिनेमा काढला की किनेमा जुनपो या सिनेमाच्या नियतकालिकाने त्याला दिग्दर्शकाचं आणि त्याच्या नटीला अभिनयाचं बक्षीस दिलं. आणि त्याच वर्षी जानेवारीत निक्कात्सुवर पोलिसांची धाड पडली होती, एइरिनच्या परीक्षकांनाही कोर्टात खेचलं, सगळे सुटायला १९८० उजाडलं. म्हणजे एका हाताने बक्षीस, दुसऱ्या हाताने खटला. 'सरळ धंदा' असता तर पोलीस कशाला आले असते?

शेवटची_रांग:
पोलीस मटक्याच्या अड्ड्यावरही जातात, तिथे कुठली कला असते?

सायली_दुसरी:
कुमाशिरोचा तो कुठला? बघायचाय. खरंच विचारतेय, टोमणा नाही.

मात्सूची_टोपी:
'इचिजो सायुरी: ओली वासना'. एका खऱ्या स्ट्रिपरवर आहे, तिने स्वतः काम केलंय त्यात, पण बक्षीस मिळालं ते इसायामा हिरोकोला. नाव ऐकून पळू नका. आवडला नाही तर इथे येऊन शिव्या घाला, हॉलमध्ये पोस्टर लावा असं म्हणणार नाही.

निशीकासाईकर:
भिंगाचं काय झालं?

मात्सूची_टोपी:
शेजारच्या स्टॅम्प जमवणाऱ्या आजोबांकडून आणलं.

निशीकासाईकर:
मग?

मात्सूची_टोपी:
फ्रेम पक्की आहे, उघडत नाही. आणि मला ते पोस्टर आवडतं, ठिपके असोत नाहीतर नसोत.

निशीकासाईकर:
काचेवरूनही दिसतं. खालची उजवीकडची नावं बघा.

मात्सूची_टोपी:
तुम्हाला आज दुसरं काम नाही का हो? त्या विक्रेत्याचं रेटिंग अजून पाच स्टार आहे, आधी तिथे जाऊन एक टाकतो, मग तुमच्याशी बोलतो.